दरवाजा अडकतोय? मग इंजीन राहू द्या

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. १९७२ ची एमजीबी रोडस्टर घेतली आहे. घरच्या गॅरेजमध्येच दुरुस्त करायची आहे. इंजिनापासून सुरुवात करू का? डावा दरवाजाही नीट लागत नाही.

उत्तर : खरं दुखणं तुम्ही शेवटी लिहिलंत. एमजीबीला वेगळी चासी नसते. सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर. त्यात तुमची उघड्या टपाची, म्हणजे दरवाजाखालचे सिलच तिचा कणा. ते आतून गंजले की गाडी मध्ये खचते आणि दरवाजा घासू लागतो. सिलवरून लोहचुंबक फिरवा. जिथे तो पकडणार नाही तिथे पुट्टी आहे असं समजा. गंजक्या सिलवर नवा पत्रा चढवून रंग मारलेल्या गाड्या सर्रास विकल्या जातात. ही निव्वळ रंगरंगोटी.

सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करा. गाडी समपातळीत, भक्कम टेकूंवर हवी. नुसत्या जॅकवर कधीच नाही. एका वेळी एकच बाजू कापा. नवा सिल आधी नुसता टाचून दरवाजा लावून बघा, फट वरपासून खालपर्यंत सारखी आली तरच पक्कं वेल्डिंग. पेट्रोलची टाकी आधीच उतरवलेली असू द्या.

सुटे भाग मुबलक मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज तर अख्खा सांगाडाही बनवते. १७९८ सीसीचं ते इंजीन दणकट आहे, थांबेल. मंद चालताना ते अडखळत असेल तर एसयू कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलचा दांडा झिजलाय का तेवढं पाहा.