महिन्याची पाच तारीख

माझी निम्मी नोकरी देवासला आणि निम्मी धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला गेली. दोन्हीकडे मशिनशॉपचा शिफ्ट इनचार्ज होतो. नव्याने रुजू होणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते: मोठ्या संस्थेत आपण एकट्याने कितीही राबलो तरी कामाला लय येत नाही. आपल्या आधीच्या आणि नंतरच्या माणसाशी वेळ जुळावी लागते.

पीथमपूरच्या कारखान्यात महिन्याचे तीन आठवडे निवांत जात आणि चौथा पेटायचा. कास्टिंग वीस तारखेनंतर येई. मग डिस्पॅचवाल्यांच्या फेऱ्या सुरू, माणसे डबल शिफ्टला. टूल झिजले तरी बदलायला कोणी थांबत नसे. माप सरके, माल इन्स्पेक्शनला अडके आणि पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा मागच्या महिन्याची दुरुस्ती करण्यात जाई. अशाच एका महिनाअखेरीला, दुसरी पाळी ओढणाऱ्या एका ऑपरेटरचा हात फिरत्या चकला लागला. बोटे वाचली, पण तो बरेच दिवस घरी होता. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे 1948च्या कारखाना कायद्याने उगीच घातले नव्हते.

त्यानंतर मी स्टोअरकीपरबरोबर बसून माल उशिरा का येतो ते उलट्या क्रमाने तपासले. फाउंड्रीचा दोष नव्हताच. तिला शेड्यूलच दहा तारखेनंतर मिळायचे, कारण विक्री विभाग पक्क्या आकड्यासाठी थांबायचा. पण काही भाग दर महिन्याला लागतातच. त्यांना पक्क्या आकड्याची गरज काय? त्यांचे शेड्यूल आधीच्या महिन्यातच पाठवायचे, बाकीचे पाच तारखेपर्यंत, असे ठरले. शेवटच्या आठवड्याची धावपळ संपली नाही, पण डबल शिफ्ट क्वचित लागू लागली.

दुसरी अडचण दोन साहेबांची. प्रॉडक्शनचे साहेब म्हणत, मशीन थांबवू नका. क्वालिटीचे म्हणत, माप बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. देवासकराला हे नवे नाही. एकाच गावात थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे अशी पवारांची दोन राज्ये शेजारी शेजारी नांदली. थोरल्या पातीच्या महाराजांकडे 1921 मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस म्हणून राहिले. हुद्दा लिहिण्या-वाचण्याचा, पण गळ्यात पडल्या बागा, मोटारी, अतिथिगृह आणि वीजघर. हुद्द्याच्या नावावरून काम कळत नाही, हे त्यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ या 1953च्या पुस्तकात वाचायला मिळते. म्हणून रुजू होताच विचारून घ्या: माझे काम नेमके कोणते, आणि दोन हुकूम आपसांत भिडले तर शेवटचा शब्द कोणाचा? उत्तर तोंडी मिळाले तर आपणच दोन ओळी लिहून दोघांना पाठवा. ‘आपले असे ठरले आहे’ एवढे पुरते.

तिसरी गोष्ट चार्ज देण्याची. शिफ्टची गाडी गेटवर उभी असली की चार्ज उभ्या उभ्या दिला जातो. असे करू नका. लॉगबुकात तीन गोष्टी हव्यातच: कोणते मशीन का थांबले, कोणते माप सरकते आहे, कोणाला काय कळवले. ‘सर्व ठीक’ हा शेरा कधीच लिहू नका. पुढच्या पाळीला त्यातून काहीच कळत नाही. ऑफिसात काम करत असाल तर सुट्टीवर जाताना सहकाऱ्यालाही हेच तीन मुद्दे द्या.

रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्याचे कौतुक सगळीकडेच होते. पण थांबावे का लागले, हे त्याच आठवड्यात विचारा. कारण बहुतेक वेळा तुमच्या टेबलावर नसते, दोन टेबले मागे असते. तिथपर्यंत चालत जा आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत जा.