रबराचे पाऊल : द्रव्याची निवड आणि परीक्षा

वस्तूचा आकार आधी ठरतो व द्रव्याचा विचार मागाहून होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती वस्तू कोणत्या परिस्थितीत वापरली जाणार, यावरून द्रव्य ठरते आणि आकार पुष्कळदा द्रव्याच्या मागून येतो. जयपूर येथे १९६८ च्या सुमारास तयार झालेले कृत्रिम पाऊल हे याचे बोलके उदाहरण होय.

त्यापूर्वी वापरात असलेल्या पाश्चात्त्य पावलाचा गाभा लाकडाचा, न वाकणारा असे व त्यावर बूट घालावा लागे. सपाट रस्ता व खुर्ची यांना ते साजेसे होते. परंतु आपला शेतकरी चिखलातून अनवाणी चालतो, उकिडवा बसतो आणि देवळात जोडे नेत नाही. उकिडवे बसताना नडगी पुढे झुकते, तेव्हा पाऊल घोट्याशी वर वाकले पाहिजे. मांडी घालताना ते आत वळले पाहिजे. हे न साधल्यामुळे अनेक रुग्ण दिलेला पाय बाजूस ठेवून पुन्हा कुबड्या घेत.

सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी त्यासाठी रबर निवडले. कच्चे रबर उन्हात चिकट व थंडीत ताठर होते; गंधकासह तापविल्यास मात्र त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या परस्परांशी जोडल्या जातात आणि ते ताणले तरी मूळ आकारास परत येते. टायर दुरुस्तीच्या दुकानांत ही क्रिया नित्य चालते, म्हणजे द्रव्याबरोबर ते हाताळण्याची कलाही गावातच उपलब्ध होती. ही सोय प्रयोगशाळेतील आकड्यांत दिसत नाही, पण निवडीत तिचे वजन मोठे असते.

तथापि भरीव रबराचे पाऊल जड व ताठ होते. म्हणून टाच व चवडा यांसाठी सच्छिद्र रबराचे ठोकळे आणि घोट्यासाठी हलक्या लाकडाचा ठोकळा घेऊन, त्यांभोवती टायरमधील दोरायुक्त रबर व वर त्वचेच्या रंगाचे रबर गुंडाळण्यात आले. हे सर्व धातूच्या साच्यात तापवून एकजीव केले जाते. दोरा ताण सोसतो, छिद्रे वजन घटवितात, आणि ठोकळ्यांमधील सांध्यांपाशी पाऊल हवे तसे वळते.

अशा पावलाची परीक्षा एकदा मोठा भार देऊन पुरी होत नाही. दिवसाला चार हजार पावले टाकणाऱ्या माणसाच्या कृत्रिम पावलावर दोन हजार वेळा, म्हणजे वर्षात सात लाखांहून अधिक वेळा भार पडतो. एका भाराने न तुटणाऱ्या द्रव्यात पुनःपुन्हा पडणाऱ्या भाराने सूक्ष्म तडा पडून वाढत जातो. यास श्रांती म्हणतात. म्हणून यंत्र टाचेवर व चवड्यावर आळीपाळीने लाखो वेळा दाब देते. लाकूड व रबर जेथे मिळतात तो जोड विशेष तपासावा लागतो, कारण भेगेची सुरुवात बहुधा तेथेच होते. उन्हाचीही परीक्षा हवी. टायरला ऊन सोसण्याचे बळ देणारी काजळी त्वचेच्या रंगाच्या रबरात घालता येत नाही. रूप राखावयाचे तर टिकाऊपणात थोडी तडजोड येतेच.

नडगीचा भाग प्रथम ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा असे. पुढे त्याच्या जागी पाणी वाहून नेणाऱ्या पॉलिथिलीनच्या नळ्या आल्या. त्या तापवून रुग्णाच्या मापाच्या साच्यावर ओढून बसविता येतात.