खोडव्याचे पाचट : जाळावे की राखावे ?

पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ओसरू लागला की तोडणी झालेल्या फडांतून सायंकाळी धुराचे लोट उठताना दिसतात. पाचट पेटवून खोडव्यासाठी रान मोकळे करण्याची ही रीत अंगवळणी पडली आहे. ती केवळ अज्ञानातून आलेली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पाचटाच्या थरातून पाणी लवकर सरकत नाही, अवजार चालत नाही, उंदीर-सापांचे भय असते. आणि एक काडी ओढली की या साऱ्या अडचणी तासाभरात दूर होतात.

त्या तासाभरात काय जाते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. एक हेक्टर उसातून साधारणतः ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. १० टन पाचट धरल्यास त्यातील नत्रच ५० किलो भरते. म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या दोन पोत्यांहून अधिक. स्फुरद व पालाश यांचा बराचसा अंश राखेत उरतो; नत्र आणि कर्ब मात्र बव्हंशी धुरावाटे निघून जातात. वारा फिरला तर शेजाऱ्याचा उभा ऊसही पेटतो, ते वेगळेच.

यावर सातारा जिल्ह्यातील पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने सुचविलेली पद्धत सोपी आहे. तोडणी होताच बुडख्यांवरील पाचट बाजूला सारून सरीत दाबावे, म्हणजे फुटव्यांना ऊन मिळते. उंच राहिलेले बुडखे कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. नंतर दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे.

यातील युरियाचे कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळांचा अनुभव येथेच फसतो. पाचटात कर्ब नत्राच्या ६४ ते ८० पट असतो. तो खाऊन वाढणाऱ्या जीवाणूंना नत्र पुरत नाही, म्हणून ते जमिनीतील नत्र उचलतात. कोवळा खोडवा पिवळा पडतो आणि "पाचट ठेवले म्हणून पीक बिघडले" असा ग्रह होतो. वस्तुतः ती उसनवारी असते; पाचट कुजल्यावर नत्र जमिनीस परत मिळते. आरंभीचा युरिया ही उसनवारी भागवितो. शिक्षकांना हे शाळेच्या आवारात दाखविता येईल : दोन खड्ड्यांत सारखेच ओले पाचट भरावे, एकात युरिया व थोडे शेण मिसळावे, आणि विद्यार्थ्यांकडून दर आठवड्यास नोंद ठेवावी.

पाचट असताना खत कसे द्यावे, हा प्रश्न पहारीने सुटतो. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर १५ ते २० सेंटिमीटर खोल छिद्र घेऊन त्यात खत घालावे व माती लोटावी. पहिली मात्रा तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत, दुसरी सुमारे १३५ दिवसांनी. मजुरी लागते, हे खरे. पण नांगरट, आंतरमशागत व खुरपणी यांचा खर्च वाचतो आणि पाचटाखाली ओल टिकून राहते. भारी, निचरा न होणाऱ्या जमिनीत मात्र एकाआड एक सरीत पाचट ठेवणे बरे, नाहीतर तेथे पाणी साचून राहते.

पंचायत सदस्यांनी लक्ष घालावे असे मुद्दे दोन. पाचटाची कुट्टी करणारे ट्रॅक्टरचलित यंत्र लहान शेतकऱ्यास एकट्याने परवडत नाही. ते गावात भाड्याने मिळण्याची व्यवस्था फडांना कोयता लागण्यापूर्वीच व्हावयास हवी. दुसरा मुद्दा पाण्याचा. पाचटाच्या सरीत पहिले पाणी सावकाश पुढे जाते, त्यामुळे नेहमीच्या पाळीत रान भिजत नाही आणि शेतकरी पुन्हा काडेपेटीकडे वळतो. पाळ्या ठरविताना त्या पहिल्या पाण्यास थोडा अधिक वेळ धरावा.