भरतकामाची उलटी बाजू

ईस्टर जवळ आला कीं खेड्यांतील मंडळ्यांच्या स्त्रीसभांत एक विचार हटकून निघतो, तो म्हणजे प्रभुभोजनाच्या मेजासाठीं नवें आच्छादन करण्याचा. कापड वर्गणींतून येतें, दोरा कोणी भगिनी तालुक्याच्या बाजारांतून आणते, आणि चारसहा जणी दुपारीं ओसरीवर बसून काम पुरें करितात. पहिल्या रविवारीं तें पाहून सर्व मंडळीस आनंद होतो. परंतु दोनचार धुण्यांनंतर काय दिसतें? एखादें पान अर्धें उसवलेलें, तांबडा रंग पांढऱ्यांत उतरलेला, वेलीच्या कडेनें कापड चुणलेलें, आणि खालच्या गांठींचे उंचवटे वर आलेले. मग तें आच्छादन पेटीच्या तळाशीं जातें व पुढल्या वर्षीं पुन्हां वर्गणी सुरू होते. रोजमजुरी करणाऱ्या कुटुंबांनीं दिलेला पैसा असा दोन वर्षांत विरून जावा हें बरें नव्हे. याकरितां आज आम्ही भगिनींपुढें सुईकामाचा एक धडा ठेवीत आहों. आमचें सांगणें थोडक्यांत हें कीं, भरतकामाचा नीटनेटकेपणा व टिकाऊपणा हीं दोन्ही कापडाच्या उलट्या बाजूवर ठरतात. सुलट्या बाजूस आपण केवळ त्यांचें फळ पाहतों.

पवित्र शास्त्रांत सुईकामास हलकें लेखलेलें नाहीं. निर्गमाच्या पुस्तकांत निवासमंडपाच्या दाराचा पडदा वेलबुट्टीदार करण्याची आज्ञा आहे, आणि बसालेल व अहलियाब यांस मिळालेल्या ईश्वरी देणग्यांत कशिदा काढण्याचें कसबही मोजलें आहे. यापो येथील दुर्कस हिची गोष्ट तर प्रत्येक स्त्रीसभेस ठाऊक आहे. ती मरण पावल्यावर विधवा रडत पेत्राजवळ उभ्या राहिल्या आणि तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें त्यास दाखवूं लागल्या. तीं वस्त्रें अंगावर वापरलेलीं, धुतलेलीं असावीं, असें आम्हांस वाटतें. तेव्हां तिचा टांका धुण्यास टिकणारा होता, असेंही म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां कामाकडे वळूं. मेजाच्या आच्छादनास सारख्या विणीचें सुती कापड घ्यावें. चांगला मांजरपाट किंवा हातमागाचें दाट कापड पुरे. तें कापण्यापूर्वीं रात्रभर पाण्यांत भिजवून, वाळवून, इस्तरी करावी. नाहींतर भरून झाल्यावर कापड आटतें, दोरा मात्र तितका आटत नाहीं, आणि सगळी वेल गोळा झाल्यासारखी दिसते. कापतांना कडेचें एक सूत ओढून काढावें व जी रेघ मोकळी होईल तिजवरून कातर चालवावी. डोळ्यांनीं सरळ दिसणारी कड पुष्कळदां सरळ नसते.

मेजाच्या आच्छादनास द्राक्षवेल व गव्हाच्या ओंब्या यांहून अधिक शोभणारी नक्षी आम्हांस सुचत नाहीं. ती कागदावर काढून, रेघांवर सुईनें बारीक भोंकें पाडून, घासलेटांत कालविलेली थोडी नीळ कापडाच्या बोळ्यानें हलकेंच फिरवावी, म्हणजे ठिपके कापडावर उमटतात. ही आपल्या छपाईवाल्यांची जुनी रीत आहे. कठीण शिशाची पेन्सिल अगदीं फिकी चालविली तरी चालेल, पण बॉलपेन कधींही नको. अलीकडे इस्तरीच्या उष्णतेनें रेघ नाहींशी होणाऱ्या लेखण्या मिळतात. त्यांची रेघ जाते खरी, परंतु थंडींत ती पुन्हां उमटूं शकते. म्हणून मेजाच्या कापडावर त्या वापरूं नयेत, असें आमचें मत आहे.

बाजारांतील भरतकामाची लडी सहा पदरांची असते व बहुधा ८ मीटर भरते. आच्छादनाच्या कामास दोन किंवा तीन पदर पुरतात. हे पदर एकदम ओढून वेगळे करूं नयेत. एकेक पदर निराळा काढावा आणि मग हवे तितके पुन्हां शेजारीं शेजारीं ठेवून सुईंत ओंवावे. यास मिनिटभर लागतो, पण टांका सपाट व चकचकीत बसतो. एकमेकांस पिळलेले पदर कितीही नीट भरले तरी दोरीसारखे दिसतात. दोऱ्याची लांबी एक हात असावी, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत, सुमारें १८ इंच. निवासमंडपाची मोजणी ज्या हाताच्या मापानें झाली तेंच हें माप आहे, आणि तें प्रत्येक स्त्रीजवळ फुकट असतें. पुनः पुनः ओंवण्याचा कंटाळा म्हणून कित्येक जणी दोन हात दोरा घेतात. प्रत्येक टांक्यास तो सगळा दोरा कापडांतून घासत जातो, आणि शेवटीं शेवटीं त्याचें तेज जाऊन त्यास लव सुटते.

रंग पक्का आहे कीं नाहीं हें आधींच पाहावें. सर्वांत दगा देणारा तांबडा. पूर्वीं मंजिष्ठेच्या मुळांचा तांबडा रंग पक्का म्हणून नांवाजलेला होता. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्र्यांनीं त्यांतील मुख्य रंगद्रव्य कृत्रिम रीतीनें बनविलें. पण आज दुकानांत मिळणारा प्रत्येक तांबडा दोरा तितका पक्का असेलच असें नाहीं. दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यांत गुंडाळून वरून गरम इस्तरी दाबावी. फडक्यावर डाग पडला तर तो दोरा परत करावा, मग तो कितीही सुंदर असो.

सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते. दोन पदरांस ७ किंवा ८ क्रमांकाची, तीन पदरांस ५ किंवा ६ क्रमांकाची घ्यावी. नेढें लहान पडलें तर दोरा कुरतडला जातो. फार मोठें असलें तर कापडांत भोंकें राहतात.

आतां मुख्य गोष्ट. दोऱ्यास गांठ मारून सुरुवात करूं नये. गांठ इस्तरीखालीं वर उठते आणि धुण्याच्या पिळण्यांत विणींतून निसटते. ती निसटली कीं तिच्यामागून टांके सुटत जातात. गांठीवांचून सुरुवात करण्याच्या रीती सोप्या आहेत. जी रेघ भरावयाची तिच्यावरच चारपांच बारीक धांवदोऱ्याचे टांके घालीत आरंभबिंदूपर्यंत यावें, आणि मग भरीत परत जावें. तीं टोंकें नव्या टांक्यांखालीं आपोआप बंद होतात. दोन पदरांनीं भरावयाचें असेल तर दोन हात लांब एकच पदर घेऊन मधोमध दुमडावा, दोन्ही टोंकें नेढ्यांत ओंवावीं, आणि पहिला टांका घेतांना खालच्या फांसांतून सुई काढावी. आम्हांस ही रीत सर्वांत स्वच्छ वाटते. दोरा संपवितांना उलट्या बाजूस आधींच्या चारपांच टांक्यांखालून सुई न्यावी, एकदां मागें फिरवावी, आणि मग दोरा कापावा. नुसतें शेपूट सोडून देऊं नये.

एका पानावरून दुसऱ्या पानावर जातांना उलट्या बाजूनें लांब दोरा ओढून नेण्याची संवय फार पसरली आहे. अर्ध्या इंचाहून अधिक अंतर असेल तर दोरा तेथेंच संपवावा. पांढऱ्या कापडाखालीं हिरवा दोरा आडवा गेला तर त्याची सांवली वर दिसते, आणि ओढ थोडी अधिक झाली कीं कापड चुणतें. लखनौच्या चिकण कामांत हीच सांवली कारागीर मुद्दाम उपयोगांत आणतात. तलम मलमलीच्या उलट्या बाजूस ते तिरपे आडवे टांके दाट भरतात व त्यांची छाया सुलट्या बाजूस फुलाच्या आकारानें उठते. परंतु ती योजून टाकलेली छाया आहे. आपली बहुधा आळसाची असते.

उलटी बाजू किती निर्मळ होऊं शकते हें पाहावयाचें असेल तर धारवाड हुबळीकडील कसुती पाहावी. इरकली लुगड्यांच्या पदरांवर व काळ्या चंद्रकळेवर तिकडील स्त्रिया गोपुरें, पालख्या, हत्ती, तुळशीवृंदावनें काढीत आल्या आहेत. त्या कापडावर नक्षी छापून घेत नाहींत. सुतें मोजून टांका टाकतात. त्यांच्या गावंती नांवाच्या टांक्यांत सुई प्रथम धांवदोरा घालीत पुढें जाते, एक टांका वर, एक खालीं. आणि परत येतांना राहिलेल्या रिकाम्या जागा भरीत येते. रेघ दोन्ही बाजूंस सारखी अखंड दिसते व गांठ कोठेंच नसते. या कामांत खरें कौशल्य बोटांपेक्षां डोक्याचें आहे. जातांना कोणत्या फांटीवर वळावें आणि परत येतांना कोणती पुरी करावी, हें आधीं मनांत पुरतें ठरलें पाहिजे; वाट चुकली तर सुई मध्येंच अडकून बसते. युरोपांत याच टांक्यास होल्बाइन या चित्रकाराचें नांव पडलें आहे, कारण त्यानें काढलेल्या चित्रांतील लोकांच्या बाह्यांवर हें काम दिसतें. १५३५ सालीं कव्हरडेलनें इंग्रजी भाषेंतील पहिलें संपूर्ण छापील शास्त्र प्रसिद्ध केलें. त्याच्या मुखपृष्ठाचें चित्र याच होल्बाइनचें मानितात. आपल्या आच्छादनाची कड गावंतीनें केली, तर ज्या बाजूनें वारा कापड उलटवील त्या बाजूनें तें नीट दिसेल.

टांक्यांविषयीं थोडें. वेलीची दांडी दांडीटांक्यानें भरावी. त्यांत दोरा नेहमीं सुईच्या एकाच बाजूस ठेवावा. मध्येंच बाजू बदलली कीं पीळ उलटतो आणि तेवढी जागा मोडल्यासारखी दिसते. टांका सरळ रेघेवर इंचाचा आठवा भाग असावा, वळणावर त्याचा निम्मा. ओंबीचे दाणे सुट्या साखळीटांक्यानें चांगले दिसतात, मात्र फांस ओढून घट्ट करूं नये. दाणा गोल राहिला पाहिजे. द्राक्षांचा भरीव टांका सर्वांत कठीण. त्याच्या कडेनें आधीं बारीक उलटी टीप घालावी, मग द्राक्षाच्या मध्यापासून एका बाजूस व पुन्हां मध्यापासून दुसऱ्या बाजूस भरीत जावें. एका कडेपासून निघाल्यास तिरकसपणा हळूहळू वाढत जातो. अर्ध्या इंचाहून लांब टांका बांगडींत अडकतो, म्हणून द्राक्षें लहान काढावीं. रिंग लावावयाची तर आंतल्या कड्यास सुती पट्टी गुंडाळावी आणि काम थांबवितांना ती काढून ठेवावी. हातांस तेलतूप नसावें हें सांगावयास नको, पण केसांचें तेल कपाळावरून हातास लागतें तें कोणी ध्यानांत घेत नाहीं.

एक आच्छादन अनेकींनीं भरावयाचें असतें, तेथें खरी अडचण येते. कोणाचा हात घट्ट ओढतो, कोणाचा ढिला. चार बाजू चौघींस वांटून दिल्या कीं चारी बाजू चार तऱ्हेच्या होतात आणि मंडळींत कोणाची बाजू चांगली याची कुजबुज सुरू होते. आमची सूचना अशी कीं, काम बाजूंनीं न वांटतां टांक्यांनीं वांटावें. एकीनें सर्व दांड्या भराव्या, दुसरीनें सर्व ओंब्या, तिसरीनें द्राक्षें. मग प्रत्येकीचा हात सगळ्या कापडावर सारखा पसरतो व भेद डोळ्यांस दिसत नाहीं.

म्हाताऱ्या बहिणींचा प्रश्न याहून नाजूक आहे. दृष्टि मंद झालेली एखादी आजी हौसेनें चार पानें भरते, तीं वेडींवांकडीं होतात, आणि ती घरीं गेल्यावर तरुण मुली तीं उसवून टाकितात. दुसरे दिवशीं तिला तें कळतेंच. स्वतःचा टांका स्त्री ओळखते. असें करूं नये. त्यापेक्षां आरंभींच तिला कडेची दुमड व धांवदोरा द्यावा. पन्नास वर्षें लुगड्यांस ठिगळें लावलेला हात अंधारांतही सरळ धांवदोरा घालतो. कोणाचेंही काम उसवावयाचें झालें तर तें तिच्यासमक्ष, तिच्या संमतीनें उसवावें. उसवितांना टांके उलट्या बाजूनें लहान कातरीनें कापून तुकडे काढावे. दोरा ओढून मागें घेऊं नये, नि निघालेला दोरा पुन्हां वापरूं नये.

कांहीं भगिनी हेंच काम दुकानदारांसाठीं मजुरीनें करितात. जाणता खरेदीदार आधीं कापड उलटतो, आणि खालीं जाळें दिसलें कीं भाव पाडतो. त्यांस हा धडा पोट भरण्याच्या कामाचाही आहे. तथापि एक गोष्ट खरेदीदारांसही सांगितली पाहिजे. मजुरी नगावर देऊन वर घाई करावयाची, आणि उलटी बाजू मात्र कसुतीसारखी मागावयाची, हा न्याय नव्हे. टोंक खालीं गुंतविण्यास जो वेळ लागतो त्याचाही दाम असतो.

आच्छादन धुतांना सौम्य साबणाच्या थंड पाण्यांत दाबून काढावें, पिळूं नये, व सांवलींत वाळवावें. द्राक्षरस सांडला तर उपासना संपतांच डागावर थंड पाणी ओतावें. सोमवारपर्यंत थांबूं नये. इस्तरी करण्यासाठीं जाड पंचा दुहेरी अंथरून त्यावर भरलेली बाजू खालीं करून कापड ठेवावें आणि उलट्या बाजूनें इस्तरी फिरवावी, म्हणजे टांके पंच्यांत रुततात व वर उठून दिसतात. खळ घालून ठेवून देऊं नये, कसर लागते. घडी न घालतां लांकडी दांड्यावर जुन्या धोतरासह गुंडाळावें. उरलेला दोरा त्याच गुंडाळींत कागदावर रंगाचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढच्या खेपेस मिळणारी त्याच क्रमांकाची लडी छटेनें थोडी निराळी असूं शकते. पावसाळा संपल्यावर गुंडाळी उलगडून उलटी बाजू एकदां नीट पाहावी, आणि सुटलेलें टोंक दिसलें तर त्याच दिवशीं खालीं गुंतवून टाकावें.