रांगतं बाळ आणि पाहुण्यांचे खिसे

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. नात्यातली गोष्ट नात्यातच राहावी, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. पण परवा एका लग्नात पुन्हा तोच विषय निघाला. ‘पोरीकडे लक्ष नव्हतं हिचं,’ असं माझ्या पाठीमागे बोललं गेलं, ते माझ्या कानावर आलं, आणि मग गप्प राहवेना. लक्ष माझंच होतं. इतर कुणाचंच नव्हतं.

मुलगी रांगायला शिकत होती तेव्हा मी तिच्याकडे नुसती बघत बसायची. सुरुवातीला ती मागेच सरकायची. समोरचा खुळखुळा घ्यायला हात टेकून जोर लावायची आणि उलटी दिवाणाखाली जायची. मग रडारड. पुढे पोटावर सरपटणं आलं. त्यानंतर बरेच दिवस हातागुडघ्यांवर येऊन नुसती झुलायची, पुढे काही जायची नाही. सासूबाई काळजीत पडल्या. अंगणवाडीच्या ताईंनी समजावलं, की प्रत्येक मूल आपल्या वेळेनं रांगतं. ते खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली पाच देशांतल्या मुलांच्या पाहणीवरून, आणि त्यात भारतातली मुलंही होती, हातागुडघ्यांवर रांगण्याचा काळ साधारण सव्वापाच ते साडेतेरा महिने असा दिला आहे. शंभरातली चारेक मुलं तसं रांगतच नाहीत, तरी पुढे चांगली चालतात.

आमची एकदाची सुटली ती सपरीतून थेट स्वयंपाकघरात. त्याच दिवशी मी जमिनीवर पालथी पडून सगळं घर तिच्या उंचीवरून पाहिलं. दिवाणाखाली सेफ्टी पिन, कपाटाच्या फटीत फवारणीच्या औषधाचं झाकण, कूलरची लोंबणारी वायर. सगळं उचललं, बांधलं, वर ठेवलं. सांदवाडीकडचं दार लावून ठेवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावली. घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, खाली काही पडू देऊ नका.

भाऊजींनाही सांगितलं होतं. हे म्हणजे यांचे मोठे मावसभाऊ. धान कापणी चालू होती, घरात माणसांची ये-जा होती. भाऊजी दिवाणावर बसले, मी पाणी दिलं आणि म्हटलं, ‘भाऊजी, पोरगी रांगते, खाली काही पडू देऊ नका.’ ते हसले. ‘हो हो,’ म्हणाले.

मी तिथंच खाली बसून भाजी निवडत होते. मुलगी दिवाणाच्या पायाशी माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिचा जबडा हलताना दिसला. मी तर तिला काहीच भरवलं नव्हतं. एवढंच डोक्यात आलं आणि मी उठले. तिला वळवलं तर मुठीत चुरगळलेली पन्नी, रबर बोटांत अडकलेलं आणि ओठांच्या कोपऱ्यातून तपकिरी लाळ. वास घ्यायचीही गरज नव्हती. खर्रा! भाऊजींच्या खिशातून घसरलेली पुडी.

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगते. पानठेल्यावर फोडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात आणि वर रबर लावून पुडी देतात. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुपारीही तिच्यात आली. तरी गोंदिया जिल्ह्यात असा शर्ट शोधावा लागेल ज्याच्या खिशात ही पुडी कधी नव्हती. रांगत्या बाळासाठी तिच्यात काय काय आहे ते बघा. सुपारीचा तुकडा घशात अडकतो. पन्नी श्वासाच्या वाटेवर चिकटते. रबर गिळलं जातं. चुन्यानं तोंड पोळतं. आणि तंबाखूतलं निकोटिन तर विषच आहे. चुन्यामुळे ते तोंडाच्या आतल्या अस्तरातून आणखी लवकर अंगात भिनतं. दिवसाला पाच पुड्या खाणाऱ्या माणसाचं शरीर त्याला सरावलेलं असतं, आठ किलोच्या बाळाचं नसतं.

दिसत होते तेवढे तुकडे बोटानं बाहेर काढले. आत आंधळेपणानं बोट घातलं नाही, कारण त्यानं तुकडा आणखी खोल जातो. ओल्या फडक्यानं जीभ आणि हिरड्या पुसल्या. तोवर घरात गलका झाला. कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, कुणी म्हणालं तूप चाटवा, उलटी काढा. मी कुणालाही हात लावू दिला नाही. त्याबद्दल मला तेव्हा उद्धट म्हटलं गेलं. थोड्याच वेळात तिला आपोआप उलटी झाली, लाळ थांबेना, चेहरा पांढरा पडला आणि मान माझ्या खांद्यावर सैल पडली. पन्नी आणि उरलेला खर्रा मी पदरात बांधला आणि आम्ही आमगावाहून गोंदियाला निघालो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘काय खाल्लं, किती खाल्लं?’ मी पुडी पुढे ठेवली. रात्रभर तिला देखरेखीखाली ठेवलं. सकाळी ती दूध प्यायली. डॉक्टर म्हणाले, ‘उलटी करवली नाही, हे बरं केलं.’ हे वाक्य मी नातेवाइकांना जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा ते दुसऱ्याच विषयावर गेले.

भाऊजी दवाखान्यात आले नाहीत. आठवड्यानं घरी आले आणि म्हणाले, ‘इतकुशा खर्र्यानं का होते? आमची पोरं मातीत वाढली.’ माती आणि तंबाखू एक नव्हे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. मग म्हणाले, ‘पोरीले जमिनीवर सोडताच कशाले?’ दोन दिवसांनी त्यांच्याकडून चाकांचा वॉकर आला. म्हणजे खिसा त्यांचा, पुडी त्यांची आणि बंदिस्त व्हायचं ते माझ्या मुलीनं. माफीचा एक शब्द आजवर आलेला नाही. मी वॉकर परत पाठवला आणि त्याचाही राग धरला गेला.

वॉकरबद्दल स्पष्ट लिहिते, कारण बारशापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत तो कुणी ना कुणी आणतोच. वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही, उलट उशीर होऊ शकतो. त्यात बसलेलं मूल एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापतं, आणि आपल्या सपरीला पायऱ्या असतात. कॅनडानं 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल उभं राहून ढकलतं, तोही उभं राहता आल्यावर आणि कुणीतरी सोबत असताना.

आता ज्यांच्या घरी मूल रांगायला लागलं आहे, त्यांच्यासाठी.

आधी जमिनीवर पालथे पडून घर बघा, आणि दर काही दिवसांनी पुन्हा बघा. आज न पोचणारा हात उद्या पोचतो.

तंबाखू, खर्रा, विडी, चुना यांची जागा उंबरठ्याबाहेर. चुन्याची ट्यूब किंवा पुडी तर मुलाच्या हाती कधीच लागू देऊ नका. दाबली की ती फुटून डोळ्यात उडते आणि चुन्यानं बुबुळ भाजतं, नजर जाऊ शकते. तसं झालं तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची धार निदान वीस मिनिटं डोळ्यावर धरा, मगच दवाखाना. पाण्याऐवजी दूध, तूप, मध काही नको.

काही विषारी पोटात गेलं तर उलटी काढू नका. उरलेलं आणि वेष्टन सोबत न्या. उलटी होत असेल तर बाळाला कुशीवर ठेवा. 108 ला फोन लावा.

घशात काही अडकलं आणि बाळ मोठ्यानं खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा. दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा द्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. तुकडा निघेपर्यंत हेच आलटून पालटून करा. पाय धरून उलटं टांगू नका. शेंगदाणे, फुटाणे त्याच्या आसपास नकोत.

आपल्याकडे धानाचं घर म्हणजे औषधांचं घर. धान्यात ठेवायच्या गोळ्या, उंदरांचं औषध, फवारणीच्या बाटल्या कुलपात ठेवा. फोरेटचा वापर 2020 च्या अखेरीस देशात बंद झाला, पण जुनी पुडी कुठेतरी खोचलेली असतेच, ती शोधा. कीटकनाशक पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका.

उन्हाळ्यात कूलर. लोखंडी कूलरच्या अंगात करंट उतरतो आणि रांगणारं बाळ ओल्या फरशीवरून आधाराला नेमकं त्यालाच धरतं. अर्थिंग तपासा, गळती करंट ओळखून वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. बादलीत चार बोटं पाणीसुद्धा ठेवू नका, तेवढ्यातही बाळ बुडतं. खेळण्यातल्या, रिमोटमधल्या चपट्या बटन बॅटऱ्यांवर स्क्रू असलेलं झाकण हवं. गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू लागते. पावसाळ्यात जमिनीवर झोपवायचं तर मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा, मण्यार रात्रीच फिरते.

बाकी, मुलावर लक्ष ठेवा हे तर सगळेच सांगतात. पण लक्ष फक्त आईनं ठेवायचं, आणि घरभर हवं ते सांडायची मुभा बाकी सगळ्यांना, हे चालणार नाही. बाळ रांगणारच, हाती लागेल ते तोंडात घालणारच, त्याच्या शिकण्याची रीतच ती आहे. आवरायचं आहे ते मोठ्यांनी.

सुनांनो, आयांनो, पाहुण्यांना सांगायला लाजू नका. मोठ्या मानाच्या माणसालाही सांगा. आणि पाहुण्यांनो, ज्या घरात बाळ रांगतंय, त्या घरात पाय ठेवण्याआधी खिसे बाहेर रिकामे करून या.