नीट हुकली, म्हणून बायोटेक?

नीटचा निकाल लागला की पुढचा महिनाभर माझा फोन एकाच प्रश्नाने वाजत असतो. "मॅडम, पोरीला एमबीबीएस लागत नाही. सरकारी बीडीएसही नाही. एका खासगी विद्यापीठात बीटेक बायोटेक मिळतंय. कोविडनंतर लसींमध्ये फार स्कोप आहे म्हणतात. आजच्या आज पैसे भरून सीट अडवू का?"

नका अडवू. निदान आजच्या आज तर नकाच.

बायोटेकवर माझा राग नाही. एखाद्या आयआयटीत जागा मिळत असेल तर हा लेख इथेच सोडून द्या. पण विषाणूंवर, लसींवर, प्रतिकारशक्तीवर जे काम चालतं, तिथे माणूस घेतात तो एमएस्सी, एमव्हीएस्सी, एमडी किंवा पीएचडी बघून. चार वर्षांच्या बीटेकनंतर तुमची मुलं नेमकी कुठे लागली, हे कॉलेजला लेखी विचारा. उत्तरात आयटी कंपन्यांचीच नावं आली, तर कॉम्प्युटरला काय वाईट होतं?

दुसरा प्रश्न विचारा तो हाताचा. मुलीच्या स्वतःच्या हातात मायक्रोपिपेट किती तास असणार? या क्षेत्रातलं रोजचं काम म्हणजे एलायझा, रक्तातली प्रतिपिंडं मोजायची चाचणी. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटला ९६ खळगे. प्रत्येकात पातळ केलेलं सीरम सोडायचं, १०० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब. तासभर थांबा, धुवा, प्लेट टिश्यूवर आपटून कोरडी करा, पुन्हा भरा, पुन्हा धुवा. शेवटचा द्रव टाकला की जिथे प्रतिपिंडं आहेत तिथे निळा रंग चढतो, वर आम्ल टाकलं की तो पिवळा होतो आणि यंत्र त्याचा गडदपणा मोजतं. अंगठा हलला की त्या खळग्याचा आकडा बाद. धुण्यात कुचराई झाली तर जिथे काही नको तिथेही पिवळं. मग उद्या पुन्हा पहिल्यापासून. आणि आपल्याकडे कित्येक ठिकाणी काय चालतं? एक शिक्षक करतो, तीस मुलं बघतात आणि घरी जाऊन जर्नलमध्ये आकृती काढतात.

नेहमीच्या वाटा सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून भरभर सांगते. बारावीनंतर आयसर, त्याची स्वतंत्र परीक्षा असते. नाहीतर एखाद्या जुन्या, चांगल्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी किंवा प्राणिशास्त्रात बीएस्सी, मग आयआयटी-जॅम किंवा गॅट-बी देऊन एमएस्सी, मग नेट आणि पीएचडी. बीएस्सीची फी खासगी बीटेकच्या पासंगालाही पुरत नाही. "नुसती बीएस्सी?" असं नाक मुरडणाऱ्या काकांना पुण्याच्या एनआयव्हीतले, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेतले शास्त्रज्ञ कोणत्या पदव्या घेऊन आले, ते एकदा बघायला सांगा.

आता ज्यासाठी लेख लिहायला घेतला ते. बीव्हीएस्सी अँड एएच, म्हणजे जनावरांचा डॉक्टर. साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. प्रवेश नीटच्याच गुणांवर. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली सरकारी महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली येतात. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक हा पर्याय वाचतसुद्धा नाहीत.

संसर्ग आणि प्रतिकारशक्ती शिकायला याहून पक्का पाया मला दुसरीकडे दिसत नाही. एमबीबीएसचा विद्यार्थी एकाच प्राण्याचं शरीर शिकतो, माणसाचं. इथे गाय, म्हैस, घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी, सगळी येतात आणि प्रत्येकाचं शरीर जंतूशी वेगळ्या तऱ्हेने झुंजतं. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या बी पेशींचा माग लागला तो कोंबडीच्या शेपटीजवळच्या एका छोट्या पिशवीवरून. ते संशोधन १९५६ साली कुक्कुटविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं आणि काही वर्षं माणसांच्या डॉक्टरांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. १९९६चं वैद्यकाचं नोबेल पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांना मिळालं. विषाणूने ग्रासलेली आपलीच पेशी टी पेशी कशी ओळखते, हे त्यांनी कॅनबेरात उंदरांवर दाखवलं होतं. झिंकरनागेल माणसांचे डॉक्टर, डोहर्टी जनावरांचे.

एवढं लांब कशाला? १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, नवा विषाणू शोधला. गोचिडांतून पसरणारा तो माकडताप पुढे गोव्यात सत्तरीला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातही निघाला. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली नवापूरच्या पोल्ट्रीत सापडला, नमुने तपासले भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने. कोवॅक्सिन माणसांना टोचण्याआधी एनआयव्हीत २० माकडांवर तपासली होती. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या नीतिसमितीत एक पशुवैद्यक असावाच लागतो, असा नियम आहे.

हे सांगून झालं की टेबलापलीकडून ठरलेली वाक्यं येतात. "ढोरांचा डॉक्टर म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" "मुलगी आहे हो, गोठ्यात कशी जाईल?" आणि आवाज खाली करून, "स्थळं येतील का?" हे सगळं आई-वडील बोलतात. मुलगी मान खाली घालून मोबाइलच्या कव्हरची कड खरवडत असते. मी तिच्याकडे बघून विचारलं, तरी उत्तर वडीलच देतात. एकदा मी दोघांनाही बाहेर चहाला पाठवलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, मामाच्या गाईंना लंपी झाली होती. एकीच्या अंगावर नुसत्या गाठी आल्या, दुसरी शेजारी बांधलेली, तिला काहीच नाही. असं का?" अठरा वर्षांच्या मुलीला पडलेला हा अस्सल इम्युनॉलॉजीचा प्रश्न आहे, आणि घरच्यांचा त्यावर उपाय होता तिला बीटेकला घालून पुण्यात फ्लॅट घेण्याचा.

स्पष्टच बोलते. डॉक्टरची पाटी तुम्हाला हवी आहे, तिला नाही. ती नाही मिळाली तर निदान फॅशनेबल नाव हवं, म्हणून बायोटेक. लोकांना सांगायला जड जातं म्हणून पोरीचा प्रश्न मोडीत काढणं, याला मी काळजी म्हणणार नाही.

मात्र उलट बाजूनेही रेटू नका. "नीट हुकली ना, मग चल व्हेटरनरीला," असं ढकललेलं मूल पहिल्या वर्षातच रडत घरी येतं. इथे शवविच्छेदन आहे, शेणात हात आहेत, आणि पुढे संशोधनात गेलं तर प्रयोगाच्या शेवटी उंदीर मारावे लागतात. हे ज्याला सोसणार नाही त्याने दुसरं काही करावं, त्यात लाज नाही. धोकाही आहे. ब्रुसेलोसिसची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात टोचतात. तिच्यात जिवंत जंतू असतात. सुई चुकून स्वतःच्या बोटात गेली तर टोचणाऱ्यालाच तापाचं दुखणं लागू शकतं. म्हणून प्रवेश ठरवण्याआधी मुलाला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन-तीन सकाळी बसवा. तुम्ही बरोबर जाऊ नका.

पगाराचं विचारणारच, तर ऐका. पदवीनंतर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं. पुण्यात कोंबड्यांच्या लसी बनवणाऱ्या कंपन्या आहेत, औंधला जनावरांच्या लसी बनवणारी सरकारी संस्था आहे. संशोधनच करायचं तर पशु-सूक्ष्मजीवशास्त्र किंवा विकृतिशास्त्रात एमव्हीएस्सी, त्यावर पीएचडी. सीएसआयआर-यूजीसीची फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. पाच-सहा वर्षं यातच काढायची. स्वतःचं पोट भरतं, पण वीस लाखांच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता यातून निघत नाही. महागडी बीटेक करून "मग पीएचडी करेल की" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर मांडावा.

आणि तारखा. देशभरातल्या १५ टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे वेगळी नोंदणी करावी लागते, राज्यातल्या जागांची प्रक्रिया निराळी. एमबीबीएसच्या शेवटच्या फेरीत काही चमत्कार होईल म्हणून बसलात, तर या दोन्ही मुदती टळतात. डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी, जे लागू असेल ते आत्ताच काढून ठेवा. सेतू केंद्रावर जुलैत उभं राहायला जागा नसते.