समोरच्याच्या संमतीने

वेस्ट मांबलम, चेन्नई

चि. छकुली,

‘मामा, मालकांची वकिली घेतली तर लोक काय म्हणतील?’ असं विचारलंस. म्हणतील ते म्हणू देत. मालकालाही बाजू असते, कधी कधी खरीही असते. घोर लावून घ्यायचा तर कोर्टाच्या तारखांचा लावून घे.

आपल्या पक्षकाराला तारीख परवडते. कामगाराचा पगार बंद असतो, त्याला ती परवडत नाही. म्हणून काहीच न करता आपण जिंकत जातो, आणि वाटतं की आपण हुशार आहोत. सुरुवातीच्या वर्षांत मी रुळांपलीकडच्या टी. नगरातल्या एका कापड दुकानाचं काम घेतलं. विक्रेत्या बाईने ओव्हरटाइमसाठी १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३सी(२)खाली कामगार न्यायालयात अर्ज केला होता. रजिस्टर पाहिलं त्याच दिवशी कळलं, बाईचं खरं आहे. तरी चार वर्षं तारखा घेतल्या. शेवटी मालकाने रक्कम भरली. त्या रकमेहून माझी फी जास्त झाली होती. त्यानंतर मांबलम स्टेशनच्या जिन्यावर ती बाई दिसली की मी पेपर डोळ्यांसमोर धरायचो.

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातच आली नव्हती. त्याच कायद्याच्या कलम ३६(४)प्रमाणे कामगार न्यायालयात वकिलाला उभं राहायला कोर्टाची परवानगी लागे, आणि समोरच्या पक्षाची संमतीही. तिच्या युनियनने हरकत घेतली असती, तर मी दाराबाहेरच राहिलो असतो.

फार मोठा विजयही जपून घे. १९२०च्या गिरणीसंपात इथल्या बिन्नी कंपनीने मद्रास हायकोर्टातून कामगार नेते बी. पी. वाडियांविरुद्ध मनाईहुकूम मिळवला. कंपनीच्या वकिलांचं कौतुक झालं असेल! पण त्याच धसक्याने आपले कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२१मध्ये केंद्रीय विधिमंडळात युनियनला संरक्षण देण्याचा ठराव आणला, आणि १९२६चा ट्रेड युनियन कायदा झाला. अलीकडचंच बघ: टी. नगरातल्या रंगनाथन स्ट्रीटवरच्यासारख्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना बसायला मिळावं म्हणून तमिळनाडूला २०२१मध्ये कायदाच दुरुस्त करावा लागला. एका स्टुलासाठी कायदा! मालकाचा वेळीच कान धरून सांगणारा कुणी वकील नव्हता, दुसरं काय.

तू मात्र सांग. ‘देणं खरं आहे, आजच देऊन टाका’ असं पहिल्याच बैठकीत म्हण. दोन पक्षकार निघून जातील, माझेही गेले. राहतील त्यांना जुन्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम १७बी काय होतं ते समजावून ठेव: कामावर परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध हायकोर्टात गेलं आणि कामगाराला दुसरी नोकरी नसली, तर शेवटचा पूर्ण पगार दरमहा मोजावा लागे. थकलेल्या पगाराच्या दाव्यांना आता वेतन संहिता २०१९ आहे. पगार दिला हे सिद्ध करायचं ओझं त्यात मालकावरच.

तुझा पक्षकार असलेल्या त्या चाकणच्या कारखान्याचं हजेरीपत्रक आधी मागव. मूळ वही, झेरॉक्स नको. मग फोन कर.

तुझा,
मामा